इंग्लंडमध्ये भौतिकशास्त्राच्या पदवीसाठी ए-लेव्हलचे विषय कोणते घ्यावेत

नमस्कार.

येत्या ऑगस्टमध्ये तुम्ही नोकरीनिमित्त सहकुटुंब पुण्याहून इंग्लंडला येत आहात, मुलीने यंदाच दहावीची बोर्डाची परीक्षा दिली आहे, तिला पुढे भौतिकशास्त्रात पदवी घ्यायची आहे आणि इथल्या शाळेने ए-लेव्हलसाठी, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या तोडीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी, तीन विषय कळवायला सांगितले आहे. आपल्याकडच्या पीसीएमप्रमाणे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतले तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे शिक्षण महाराष्ट्रात झाले आणि आता मी इंग्लंडमधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे आपल्या ज्युनिअर कॉलेजासारख्या ठिकाणी, भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

केवळ प्रवेशाच्या अटींपुरते पाहिले तर तुमची निवड चालेल. इथली बहुतेक विद्यापीठे भौतिकशास्त्राच्या पदवीसाठी गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन विषय मागतात आणि तिसरा विषय बऱ्याच अंशी विद्यार्थ्यावर सोडतात. मात्र मुलीला गणिताची खरोखर आवड असेल, तर गणिताच्या जोडीला ‘फर्दर मॅथ्स’ (अधिक प्रगत गणित) हा स्वतंत्र ए-लेव्हल विषय तिने घ्यावाच, आणि त्यासाठी गरज पडली तर रसायनशास्त्र सोडावे, असे माझे ठाम मत आहे. तिला चार विषय झेपत असतील आणि शाळा परवानगी देत असेल, तर गणित, फर्दर मॅथ्स, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र ही चौकडी उत्तमच; पण विद्यापीठांची प्रवेशाची अट सहसा तीनच विषयांच्या श्रेणींवर असते, त्यामुळे चौथ्याच्या ओझ्याने बाकीच्या तिघांत श्रेणी घसरणार असेल तर तो मोह टाळावा.

हे मत का, ते सांगते. इथल्या ए-लेव्हल भौतिकशास्त्राच्या परीक्षेत कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) अपेक्षा ठेवलेली नाही. सरल आवर्त गतीचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे बारावीत विकलक समीकरण (डिफरन्शियल इक्वेशन) मांडून त्याची उकल काढायला शिकवतात. इथे मात्र त्वरण हे विस्थापनाच्या प्रमाणात आणि विरुद्ध दिशेने असते हे सांगून विस्थापनाचे कोसाइनचे सूत्र तयार दिले जाते आणि विद्यार्थ्याने ते वापरायचे असते. धारित्राचा विद्युतभार घातांकी रीतीने कमी होतो, तिथेही सूत्र दिलेलेच असते. मग विद्यापीठात गेल्यावर पहिल्याच सत्रात विकलक समीकरणे, संमिश्र संख्या आणि सारण्या (मॅट्रिक्स) यांच्याशिवाय पान हलत नाही. साध्या ए-लेव्हल गणितात विकलन, संकलन आणि सोपी विकलक समीकरणे येतात, परंतु संमिश्र संख्या, सारण्या, ध्रुवीय निर्देशक, अतिपरवलयिक फलने आणि दुसऱ्या कोटीची विकलक समीकरणे हे सगळे फर्दर मॅथ्समध्ये आहे. पुंज यांत्रिकीकडे (क्वांटम मेकॅनिक्सकडे) जाणाऱ्या मुलीला संमिश्र संख्या आधीच हाताळता येत असतील, तर पहिले वर्ष तिला नव्या भौतिकशास्त्रासाठी मोकळे मिळते.

फर्दर मॅथ्समध्ये साधारण अर्धा भाग सर्वांना सक्तीचा आणि उरलेला पर्यायी असतो. पर्यायांत यांत्रिकी, संख्याशास्त्र आणि डिसिजन मॅथ्स असे विभाग येतात. तिने यांत्रिकी निवडावी. अडचण अशी की पुष्कळदा हा निर्णय विद्यार्थी नव्हे, तर कॉलेज शिक्षकांच्या उपलब्धतेनुसार घेते. म्हणून घर कुठे भाड्याने घ्यायचे हे ठरवण्याआधी परिसरातल्या शाळांना आणि सिक्स्थ फॉर्म कॉलेजांना ईमेल करून दोन गोष्टी विचारा: पूर्ण दोन वर्षांचे फर्दर मॅथ्स तुमच्याकडे शिकवले जाते का, आणि त्यात यांत्रिकी आहे का. सगळीकडे हा विषय नसतो, आणि म्हणूनच बहुतेक विद्यापीठे तो सक्तीचा करत नाहीत. मात्र उपलब्ध असूनही का घेतला नाही, असा प्रश्न चुरशीच्या ठिकाणी उभा राहू शकतो.

भौतिकशास्त्राच्या विषयाबद्दल एवढेच लक्षात ठेवा की एक्यूए, ओसीआर आणि पिअर्सन एडेक्सेल या परीक्षामंडळांच्या अभ्यासक्रमांत पदवीच्या दृष्टीने मोठा फरक नाही, त्यामुळे मंडळ पाहून शाळा निवडू नये. जिथे आपल्याकडून आलेली हुशार मुलेही अडखळताना मी पाहते, ती जागा म्हणजे प्रयोग. प्रॅक्टिकलचा निकाल इथे श्रेणीत न मिसळता ‘उत्तीर्ण’ असा वेगळा नोंदवला जातो, परंतु प्रयोगांवरचे प्रश्न लेखी परीक्षेत भरपूर असतात, आणि त्यांत मोजमापातल्या अनिश्चिततेला फार महत्त्व असते. लंबकाने गुरुत्वत्वरण काढायचे आहे असे समजा. दोरीची लांबी १०० सेंटिमीटर आणि त्यात ०.१ सेंटिमीटरची अनिश्चितता, म्हणजे ०.१ टक्का. वीस आंदोलनांना ४०.१ सेकंद लागले आणि त्यात ०.२ सेकंदाची अनिश्चितता, म्हणजे ०.५ टक्के. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग येतो, म्हणून ते १ टक्का होतात, आणि एकूण अनिश्चितता १.१ टक्के. तेव्हा उत्तर ९.८२ असे लिहून थांबायचे नाही, ९.८ अधिक-उणे ०.१ असे लिहायचे, आणि एकाऐवजी वीस आंदोलने का मोजली याचे कारणही द्यायचे. जर्नलमधली ठरलेली कृती पाठ करून हे जमत नाही. उन्हाळ्यात घरी दोरा, नट आणि मोबाइलचे स्टॉपवॉच घेऊन तिने हा एक प्रयोग मनापासून केला तरी पुष्कळ फायदा होईल.

रसायनशास्त्र कधी ठेवावे, याचे दोन प्रसंग मला दिसतात. केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्राची वेगळी पदवी नसून ते नॅचरल सायन्सेसमध्ये येते आणि पहिल्या वर्षी गणितासोबत तीन विज्ञानविषय घ्यावे लागतात, त्यामुळे तिथे रसायनशास्त्राचा उपयोग होतो. दुसरे म्हणजे, पदवीसाठी भारतात परतून पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान-संशोधन संस्थेत जाण्याचा विचार असेल, तर तिथल्या प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांवर प्रश्न असतात. हे दोन्ही नसेल, तर कॉम्प्युटर सायन्स हाही चांगला विषय आहे, पण त्यासाठी फर्दर मॅथ्स सोडू नये. प्रोग्रॅमिंग विद्यापीठात पायापासून शिकवतात.

भारतात परतण्याचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण फीचा प्रश्न अनेक कुटुंबांच्या फार उशिरा ध्यानात येतो. सरकारी सिक्स्थ फॉर्ममध्ये पालकांसोबत व्हिसावर आलेल्या मुलांना साधारणपणे फी नसते. विद्यापीठात मात्र स्थानिक दराने फी लागण्यासाठी सर्वसाधारणपणे कायम वास्तव्याचा परवाना आणि अभ्यासक्रमाआधीची तीन वर्षे इथले वास्तव्य या दोन्ही गोष्टी लागतात. दोन वर्षांत विद्यापीठात जाणारी तुमची मुलगी बहुधा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरली जाईल. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी स्थानिक फीची कमाल मर्यादा वर्षाला ९,५३५ पाउंड होती, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांची भौतिकशास्त्राची फी अनेक नामांकित ठिकाणी ३०,००० पाउंडांच्या वर जाते. हा हिशोब आजच मांडून ठेवा.

कागदपत्रांत दहावीची मूळ गुणपत्रिका जवळ ठेवा, आणि तिथले गणित व इंग्रजी जीसीएसईच्या (इथल्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेच्या) बरोबरीचे धरणार का, हे शाळेकडून लेखी घ्या. तसे धरले नाही, तर ए-लेव्हलसोबत जीसीएसई इंग्रजी पुन्हा करावे लागू शकते. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्जाची मुदत ए-लेव्हलच्या दुसऱ्या वर्षाच्या १५ ऑक्टोबरला संपते, आणि केंब्रिज व इम्पीरियलसाठीची ईसॅट ही प्रवेशपरीक्षा कॅल्क्युलेटरविना द्यायची असते. तिच्या एका विभागात ४० मिनिटांत २७ प्रश्न असतात. पाढे आणि अपूर्णांक तोंडी करण्याची आपली सवय तिने मोडू देऊ नये.

ऑगस्टपर्यंतच्या महिन्यांत तिने बालभारतीची अकरावीची गणिताची दोन्ही पुस्तके घ्यावीत; ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. इंग्रजी माध्यमाचीच घ्यावीत, म्हणजे संज्ञा ओळखीच्या होतील. त्रिकोणमिती, निश्चयक व सारण्या, संमिश्र संख्या, गणितीय विगमन आणि विकलन ही प्रकरणे आधी, याच क्रमाने करावीत. शंकू छेद आणि क्रमचय-संचय मागे राहिले तरी चालतील.