वाचकांचे प्रश्न : गिटारचा पिकअप बदलताना

प्रश्न : माझ्या स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारला तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं पकडणारे, एकाच कॉइलचे चुंबक) आहेत. ब्रिजकडचा फार कर्कश वाजतो आणि गेन वाढवला की घुमघुम सुरू होते. तिथे 16 किलोओमचा पिकअप बसवला तर आवाज भरदार होईल का?

उत्तर : किलोओमच्या आकड्यावर पिकअप घेऊ नका. तो कॉइलला गुंडाळलेल्या तारेचा रोध आहे, पिकअपची ताकद नव्हे. 42 ऐवजी 43 नंबरची बारीक तार वापरली की तेवढ्याच लांबीला रोध साधारण सव्वापट होतो. आउटपुट मात्र तितकं वाढत नाही. जुन्या धाटणीचा सिंगल कॉइल 6 किलोओमच्या आसपास असतो. त्याच्या शेजारी खरोखर जास्त वेढ्यांचा, 16 चा पिकअप बसवलात तर वरचे स्वर दबतील आणि स्विच फिरवला की बाकीचे दोन मिणमिणते वाटतील.

कर्कशपणाचं कारण बहुधा वायरिंगमध्येच आहे. मूळ स्ट्रॅट वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोन नॉबच नसतो. एक नॉब नेकचा, दुसरा मधल्याचा. स्विचच्या ज्या बाजूला टोनच्या तारा येतात, तिथे ब्रिजचा लग (तार सोल्डर करायची पट्टी) रिकामा दिसेल. तिथून मधल्या पिकअपच्या टोनच्या लगपर्यंत छोटी तार सोल्डर करा. नॉब 10 वर ठेवला तरी थोडी धार उतरते, 7 वर आणला की चांगलाच फरक पडतो. एका तारेचं काम आहे, ते आधी कराच.

मग उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून चुंबकाच्या टोकापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा : जाड तारेखाली 2.4 मिमी, बारीक तारेखाली 2 मिमी. पिकअप याहून फार वर आला की चुंबक तारेला ओढतो आणि जाड तारेचा सूर वरच्या फ्रेटवर डगमगतो.

आता घुमघुम. गिटार हातात धरून जागीच गोल फिरा. दिशेनुसार आवाज कमी-जास्त झाला तर तो कॉइलच पकडते आहे, आणि इथे पिकअप बदलणं योग्य ठरतं. तसूभरही फरक पडला नाही तर केबल आणि अँप तपासा. गिटारच्या तारांना हात लावताच आवाज घटला तर शिल्डिंग (बाहेरचा गोंगाट अडवणारं आवरण) कमी पडतंय.

बदलायचाच असेल तर सिंगल कॉइलच्या खाचेत बसणारा हमबकर (घुमघुम मारणारा, दोन कॉइलचा पिकअप) घ्या, म्हणजे लाकूड कोरावं लागत नाही. तुमच्या तक्रारीला मध्यम आउटपुटचा, शेजारी-शेजारी दोन कॉइलचा रेल प्रकार आम्ही सुचवू. एकावर एक कॉइल असलेला स्टॅक सिंगल कॉइलसारखाच वाजतो. त्याच्या आकड्यात खालच्या कॉइलचाही रोध धरलेला असतो. पॉट (नॉबखालचे बदलते रोध) 250 किलोओमचेच ठेवा, 500 चे घातले तर कर्कशपणा परत येईल.

प्रश्न : नवा पिकअप एकटा छान वाजतो, पण मधल्याबरोबर लावला की आवाज पोकळ, नाकातला येतो. पिकअप खराब आहे का?

उत्तर : नाही, दोघांची फेज उलटी आहे, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याचा खोडतो. तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून हे वारंवार घडतं. नव्या पिकअपच्या हॉट (सिग्नलची) आणि ग्राउंड तारांची अदलाबदल करा. शिल्डची उघडी तार मात्र पॉटच्या पाठीवर होती तिथेच राहू द्या. पिकअपला धातूचं कव्हर असेल आणि ते ग्राउंडच्या तारेला जोडलेलं असेल, तर आधी तो सांधा तोडून कव्हरला स्वतंत्र ग्राउंड द्या. नाहीतर कव्हर हॉट होईल आणि बोट लागलं की गुरगुरेल.