पहिले खनिज निवडताना

केमिकल लूपिंगच्या प्रयोगासाठी, म्हणजे इंधन थेट हवेत न जाळता खनिजातील ऑक्सिजनने जाळायचे आणि मग हवा देऊन खनिजात तो ऑक्सिजन पुन्हा भरायचा यासाठी, तुम्ही एकदम पाच खनिजे मागवण्याच्या बेतात आहात असे दिसते. माझे ऐकाल तर सुरुवात एकट्या इल्मेनाइटने (लोह आणि टायटॅनियमच्या खनिजाने) करा. ते स्वस्त आणि टणक असते, शिवाय नवख्याच्या पुष्कळशा चुका पोटात घालते. मात्र ताजे इल्मेनाइट पहिल्या काही फेऱ्यांत मंदच वागते. क्षपण (इंधनाने ऑक्सिजन काढून घेणे) आणि ऑक्सिडीकरण (हवेने तो परत भरणे) आलटून पालटून होत गेले की कण सच्छिद्र होतात आणि वेग वाढतो. पहिल्याच फेरीच्या आकड्यांवरून खनिज नापास करणे, ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली (आणि स्वतः केलेलीही) चूक आहे.

दुसरी चूक क्षपण ताणण्याची. उदाहरणार्थ, हेमॅटाइट हे लोहाचे ऑक्साइड मॅग्नेटाइटपर्यंतच, म्हणजे थोडा कमी ऑक्सिजन असलेल्या ऑक्साइडपर्यंतच, जाऊ द्यायचे असते. त्या टप्प्यात १०० ग्रॅम शुद्ध हेमॅटाइट जेमतेम ३.३ ग्रॅम ऑक्सिजन देते, आणि एवढ्याने समाधान न होऊन नवखा माणूस इंधन चालूच ठेवतो. पुढे वुस्टाइट (आणखी कमी ऑक्सिजनचे ऑक्साइड) आणि लोह तयार होऊ लागले की इंधन अर्धवट जळते, कण एकमेकांना चिकटतात, आणि थंड झालेल्या नळीतून विटेसारखा गठ्ठा खरवडून काढावा लागतो.

खनिज १०० ते ३०० मायक्रॉनांत चाळून घ्या, बारीक भुकटी टाकून द्या, आणि इंधन व हवा एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्या पाळ्यांमध्ये नायट्रोजन सोडायला विसरू नका. मँगनीजची खनिजे अधिक चपळ असतात खरी, पण त्यांतील बरीच लवकर झिजतात. त्यांचे नंतर पाहू.