देवघरातलं ब्रोशर

“मॅडम, रोज पूजा करतो. दर सोमवारी कोपिनेश्वर, कधी चुकत नाही. तरी शेजाऱ्याची नवी गाडी दिसली की अख्खा दिवस खराब जातो. माझी श्रद्धाच खोटी म्हणायची का?”

ठाण्यात पाचपाखाडीच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न नेहमी येतो. गाडीच्या जागी कधी फ्लॅट, कधी फॉरेन ट्रिप. हे गृहस्थ (तपशील बदलले आहेत) 47 वर्षांचे. कळव्याच्या चाळीतून घोडबंदर रोडला टू बीएचकेत आलेले.

मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये आयुष्याबद्दलचं समाधान मोजायला पाच विधानांची एक प्रश्नावली केली. किमान 5, कमाल 35, मध्य 20. यांचे 13 आले. “देवाचं एवढं करून नापास?” म्हणाले.

पुढच्या वेळी मोबाईलवर देवघराचा फोटो दाखवला. गणपतीच्या पाटाखाली गाडीचं ब्रोशर, वर कुंकू वाहिलेलं! मला हसू आलं, मग तेही हसले. मला त्यात गैर वाटत नाही. आपण नव्या स्कूटरलाही हार घालतोच की. गाडी हवी, आणि ती हवीशी वाटते याची लाज, या ओढाताणीत ते सापडले होते. बरोज आणि रिंडफ्लाइश या अमेरिकन संशोधकांनी 2002 मध्ये हेच मांडलं: वस्तूंची ओढ आणि धर्म-कुटुंबाची मूल्यं दोन्ही घट्ट असली, की ताण वाढतो.

“देवाचं नाव घेताना शेवटचं मन कधी भरलं होतं?” मी विचारलं.

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “कळव्याला असताना. सकाळच्या स्लो लोकलमध्ये भजन असायचं. मी टाळ वाजवायचो.” घोडबंदरला आल्यापासून कंपनीची बस. प्रत्येकाच्या कानात इअरफोन. पूजा सुरू राहिली, मंडळी सुटली.

लिम आणि पुटनम यांचा 2010 चा अभ्यास अमेरिकेतला. नियमित प्रार्थनेला जाणाऱ्यांचं समाधान मुख्यतः तिथे जुळलेल्या मैत्रीतून येतं, असं त्यांना दिसलं. तिथली मंडळी वेगळी, पण मला मात्र आपला लोकलचा डबाच आठवला.

आता आठवड्यातून दोनदा बस सोडून ते ठाण्याहून तीच लोकल पकडतात. ब्रोशर अजून पाटाखालीच आहे. परवा सांगत होते, “टाळ घरी राहिले, तर एकाच्या जेवणाच्या डब्याचं झाकण घेतलं. त्याची भाजी सांडली. दादरपर्यंत शिव्या खाल्ल्या.”