आधी पकडीची वही बघ

संकेश्वर

प्रिय पोरी,

तुझा मेल वाचला. जनुकक्रमांवर काम करता करता हिडकल धरणातल्या मासळीचा अंदाज बांधायचं तुझ्या मनानं घेतलं, फार बरं वाटलं. घटप्रभेच्या पाण्यावर इथल्याच पोरांनी काम करावं, ही माझी जुनी इच्छा.

आलेखात तुझा अंदाज खऱ्या पकडीवर तंतोतंत बसलाय. धास्ती वाटली ती तिथंच. महिन्यांच्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसून त्यातल्याच काही तू चाचणीला काढल्यास. प्रथिनांच्या क्रमांवर असं करशील का? एकाच कुळातले क्रम मॉडेलच्या शिकवणीतही आणि परीक्षेतही आले की गुण फुगतात, हे तुला पाठ आहे. मग जुलै आणि ऑगस्ट सख्खे भाऊच की! मीही यात फसलोय. पुढच्याच पावसाळ्यानं माझा अंदाज धुऊन नेला. शेवटची सलग वर्षं चाचणीसाठी झाकून ठेव.

पद्धत म्हणशील, तर परिसंस्थांचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज सुगिहारांच्या गटाचं कॅनडातल्या फ्रेझर नदीतल्या सॅमन माशांवरचं २०१५ चं काम वाच. समीकरण आधी ठरवायचं नाही. आजच्यासारखी स्थिती मागं कधी होती आणि पुढं काय झालं, ते शोधायचं. तुझ्या क्रमजुळणीच्या जवळचंच आहे.

पण पकड म्हणजे पाण्यातली मासळी नव्हे. कॅनडातल्याच न्यूफाउंडलंडचा कॉड मासा घटत होता, तरी उरलेले थवे जिथं जमत तिथंच ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटी, जात, म्हणून पकड चांगली दिसत राहिली. १९९२ साली मासेमारीच बंद करावी लागली.

म्हणून पहाटे धरणावर जा, जाळं ओढणाऱ्यांजवळ बस. जाळं किती लांब, आस म्हणजे जाळ्याचं भोक किती बोटांचं, पाण्यात किती वाजता टाकलं, विचार. कन्नड तुला येतंच. मी पाहिलेल्या वहीत नुसते किलो आणि पैसे होते. वारं सुटलेल्या दिवसाची ओळ कोरी. त्या ओळीला शून्य समजू नकोस, त्या दिवशी नावच पाण्यात गेली नव्हती. आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मासळीची पिल्लं, धरणात कधी, किती सोडली तेही लिहून घे. कटला-रोहूला विणीसाठी वाहतं पाणी लागतं, धरणात त्यांची भिस्त बरीचशी सोडलेल्या बीजावर. ती नोंद नसली तर तुझं मॉडेल सगळं श्रेय पावसाला देऊन बसेल.

रविवारी निघणार असशील तर कळव. पाचला स्टँडवर येऊन थांबतो.

तुझा,
काका