निसटता विजय, अटीतटीची लढत आणि ‘बरोबर’

एका वाचकांचा प्रश्न आहे. १९७७ साली स्कॉटलंडमधल्या टर्नबरीला गोल्फची ब्रिटिश ओपन स्पर्धा झाली आणि टॉम वॉटसनने जॅक निकलसला अवघ्या एका फटक्याने मागे टाकलं. तिच्यावर ते लेख लिहीत आहेत. वॉटसनचा विजय ‘निसटता’ म्हणावा की ‘अटीतटीचा’?

‘निसटता’ अजिबात नको. हा शब्द गेली कित्येक वर्षं क्रीडापानावर वाचतो आहे आणि दर वेळी तितकाच खटकतो. निसटतं ते हातातून जातं. मासा निसटतो, संधी निसटते, तोल निसटतो. मग ‘निसटता विजय’ ज्याला मिळाला त्याच्या हाती काय राहिलं? यावर ठरलेला बचाव असा, की ‘निसटता स्पर्श’ आणि ‘निसटतं दर्शन’ आपण म्हणतोच. तिथे अर्थ ‘जेमतेम’ असा आहे, तोच इथे घ्यावा. हा बचाव टिकत नाही. निसटता स्पर्श झाला की लगेच संपतो, म्हणून तो निसटता. विजय असा संपत नाही. वॉटसनचं नाव करंड्यावर कोरलं गेलं आणि ते तिथेच आहे.

‘अटीतटी’चं प्रकरण वेगळं. शब्द चांगला आहे, पण त्यातला तट विसरू नये. तट पडतात, गट होतात, कोणी मागे सरायला तयार नसतो, माणसं हट्टाला पेटतात, तेव्हा गोष्ट अटीतटीला येते. निवडणुकीला शोभेल, भाऊबंदकीला शोभेल. टर्नबरीत यातलं काही नव्हतं. शेवटच्या दिवशी, निकाल अगदी डोक्यावर आलेला असताना, वॉटसन टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, थांबल्या थांबल्या निकलसला म्हणाला की खेळायचं ते यासाठीच, नाही का? आणि निकलसने मनापासून होकार दिला. शेवटचा पट, म्हणजे चेंडू घरंगळत भोकात घालायचा फटका, पडल्यावर हरलेल्या निकलसने वॉटसनच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघे तसेच ग्रीनवरून, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवरून, निघाले. या दोघांमध्ये तट कुठे शोधायचा?

इथे नेमका बसणारा शब्द आपण रोज वापरतो आणि त्याच्याकडे कधी नीट बघत नाही: बरोबर.

फारसीत ‘बर’ म्हणजे छाती. दोन ‘बर’ घ्यायचे आणि मध्ये ‘आ’ घालायचा: बर-आ-बर. छातीला छाती. दोन माणसं अशी उभी की एकाची छाती दुसऱ्याच्या पुढे नाही आणि मागेही नाही. फारसीला ही घडण फार आवडते. ‘सर’ म्हणजे डोकं किंवा टोक, त्याचं सरासर, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपली ‘सरासरी’ तिथूनच आली. सगळं टोकापासून टोकापर्यंत जमेला धरून काढलेला आकडा. ‘लब’ म्हणजे ओठ, त्याचं लबालब, म्हणजे काठोकाठ भरलेलं.

आता टर्नबरीचे आकडे बघा. हे फटक्यांचे आकडे, आणि गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो. पहिल्या दिवशी वॉटसन ६८, निकलस ६८. दुसऱ्या दिवशी ७० आणि ७०. तिसऱ्या दिवशी दोघे एकाच जोडीत खेळले आणि दोघांनीही ६५ केले. तीन दिवसांनंतर दोघांचे २०३. छातीला छाती याहून काटेकोरपणे कशी लावणार? चौथ्या दिवशीही दोघे एकाच जोडीत होते. पहिल्या चार होलनंतर (होल म्हणजे भोक, आणि तिथवरचा खेळाचा टप्पाही; दिवसाला असे १८) निकलस तीन फटक्यांनी पुढे गेला. आठव्या होलवर वॉटसनने त्याला गाठलं. नवव्यावर तो पुन्हा मागे पडला आणि बाराव्यावर निकलसची आघाडी दोनची झाली. तेराव्यावर वॉटसनने बर्डी केली, म्हणजे होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी घेतला. पंधराव्यावर त्याचा चेंडू ग्रीनच्या बाहेर होता. होल सुमारे ६० फुटांवर. तिथून त्याने पटरनेच, म्हणजे पट मारायच्या काठीनेच, चेंडू आत घातला. पुन्हा बरोबर. सतराव्यावर निकलसचा छोटा पट चुकला, वॉटसनची बर्डी झाली आणि त्या दिवशी वॉटसन पहिल्यांदाच पुढे गेला. अठराव्यावर निकलसचा पहिला फटका उजवीकडच्या काटेरी झुडपांत गेला. वॉटसनचा दुसरा फटका होलपासून हातभर अंतरावर थांबला. संपलं असं सगळ्यांना वाटलं. निकलसने झुडपातून चेंडू कसाबसा ग्रीनच्या कडेला आणला आणि तिथून तो लांबलचक पट आत घातला! आता वॉटसनला ती हातभर अंतराची बर्डी करावीच लागणार होती. त्याने ती केली. ६५ आणि ६६. २६८ आणि २६९. तिसऱ्या क्रमांकाचा ह्यूबर्ट ग्रीन २७९वर होता, म्हणजे निकलसच्याही दहा फटके मागे. आपण एक स्पर्धा जिंकलो, ते दोघे कुठला खेळ खेळत होते ते ठाऊक नाही, अशा अर्थाचं तो बोलला. ते खरंच होतं. याआधीचा या स्पर्धेतला विक्रम २७६ फटक्यांचा होता.

आता मूळ शब्दाकडे. हिंदीत ‘बराबर’, मग मराठीत ‘बरोबर’ का? मधल्या ‘आ’चा ‘ओ’ कुणी केला? याला नुसतं उच्चारातलं घसरणं म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. असा ‘आ’ सगळीकडे घसरत असता तर सरासरीची ‘सरोसरी’ झाली असती. झाली नाही. माझं मत असं, की मराठीने हा शब्द आपल्याकडच्या तयार साच्यात बसवला. आपल्याकडे हातोहात आहे, दारोदार आहे, घरोघर, गावोगाव, रातोरात, क्षणोक्षणी, काठोकाठ. एकच शब्द दोनदा आणि मध्ये ‘ओ’. ‘बर-आ-बर’ कानावर पडल्यावर मराठी माणसाने त्याची जात तात्काळ ओळखली आणि त्याला आपल्या रांगेत उभं केलं: बरोबर. पेशवेकालीन कागदांत ‘बराबर’ हे रूपही दिसतं, म्हणजे बदल इथे, आपल्या तोंडी झाला. ‘सरासरी’ मात्र वाचली, कारण तिच्या शेवटी ‘ई’ लागलेली होती आणि ती हिशेबातला शब्द म्हणून आली. तिच्यातली दोन डोकी कुणाला दिसलीच नाहीत.

गुजरातीतही ‘बरोबर’ म्हणतात, मग मराठी साच्याचं काय, असा आक्षेप माझ्यासमोर अनेकदा ठेवला जातो. गुजरातीतही रातोरात आहे, हाथोहाथ आहे. साचा तिथेही होता, म्हणून शब्द तिथेही तसाच वळला. आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो.

त्याहून जास्त राग येतो तो ‘बरा’ या शब्दापासून ‘बरोबर’ काढणाऱ्यांचा. बरं ते बरोबर, म्हणे. मग ‘माझ्याबरोबर चल’ यात बरं काय आहे? त्यांना ‘बरोबर’चा फक्त ‘अचूक’ हा अर्थ दिसतो, आणि तो तर सगळ्यात शेवटी आलेला आहे. क्रम नीट लावून बघा. आधी छातीला छाती लावून चालणं: बरोबर येणं, बरोबर जाणं. त्यातून सारखेपणा: बरोबरीचा गडी, कुणाची बरोबरी करणं. त्यातून मेळ: जमा आणि खर्च एकमेकांना लागले, हिशेब बरोबर आला. आणि मेळ बसला म्हणून अचूक: उत्तर बरोबर. फारसीतून आला म्हणून हा शब्द काढून ‘योग्य’ आणि ‘समसमान’ बसवा, असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की त्या दोन्हींत मिळून सोबतीचा अर्थ नाही. वॉटसन आणि निकलस नुसते समसमान नव्हते. तिसऱ्या दिवशी विजा चमकू लागल्या आणि खेळ थांबला, तेव्हाही ते दोघे समुद्रकाठच्या खडकांजवळ एकत्रच बसून होते.

प्रश्नकर्त्यांनी सरळ लिहावं: चार दिवस बरोबरीने खेळून वॉटसन एका फटक्याने जिंकला. विजयाला विशेषणाची गरज नाही, आकडा पुरे आहे. अगदीच हवं असेल तर ‘चुरशीची लढत’ म्हणा. चुरशीला वैर लागत नाही.

आणि याच लेखात प्लेऑफचा, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा खेळाचा, उल्लेख आला तर तिथे ‘सामना बरोबरीत सुटला’ असं लिहू नका. ते क्रिकेटला शोभतं. ब्रिटिश ओपनसारखी स्पर्धा बरोबरीत सुटत नाही. बरोबरी होते आणि मग ती फोडावी लागते. वॉटसनने आपलं पहिलं ब्रिटिश ओपन १९७५ साली कार्नूस्टीला जिंकलं तेव्हा त्याची जॅक न्यूटनशी २७९वर बरोबरी झाली होती. दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा १८ होल खेळले, वॉटसनचे ७१ झाले आणि न्यूटनचे ७२. पुढे प्लेऑफ चार होलवर आला. २००९ साली, पुन्हा टर्नबरीलाच, ५९ वर्षांच्या वॉटसनला शेवटच्या होलवर फक्त ‘पार’, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत होल, करायचा होता, की स्पर्धा त्याची. त्याचा दुसरा फटका ग्रीन ओलांडून मागे गेला, परतीचा पट लांब गेला आणि साधारण आठ फुटांचा पुढचा पट चुकला. स्ट्यूअर्ट सिंकशी २७८वर बरोबरी झाली आणि चार होलच्या प्लेऑफमध्ये सिंक सहा फटक्यांनी जिंकला. त्या दिवसाबद्दल ‘वॉटसनच्या हातातून विजय निसटला’ असं कुणी लिहिलं, तर माझी काहीही हरकत नाही.