वाचक विचारतात: नऊ चौकोनांचा खेळ

प्रश्न (खानापूर): यंदा गणेशोत्सवात नेहमीच्या प्रश्नमंजूषेऐवजी जुन्या अमेरिकन टीव्हीवरचा ‘हॉलीवूड स्क्वेअर्स’ घ्यायचा विचार आहे. नियम आणि मांडणी सांगाल का?

उत्तर: हा खेळ म्हणजे आपली फुल्ली-गोळाच. १९६६ साली एनबीसी या वाहिनीवर सुरू झाला, सूत्रसंचालक पीटर मार्शल. तीन मजली सांगाड्यात नऊ नामवंत बसत. तुम्हाला सांगाड्याची गरज नाही: तिघे सतरंजीवर, तिघे मागे खुर्च्यांवर, तिघे त्यांच्यामागे उभे. प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठा, एका बाजूला फुल्ली, दुसऱ्या बाजूला गोळा.

स्पर्धक दोन. ज्याची पाळी, तो नवातला एक जण निवडतो. त्या पाहुण्याला प्रश्न विचारायचा. तो खरं उत्तर देईल किंवा बेधडक थाप मारेल. स्पर्धकाने फक्त ‘पटलं’ किंवा ‘नाही पटलं’ म्हणायचं. अंदाज बरोबर आला तर चौकोन त्याचा, चुकला तर समोरच्याचा. मात्र त्या चुकीने समोरच्याची ओळ पुरी होत असेल तर चौकोन रिकामाच राहतो; जिंकणारी ओळ स्वतःच कमवावी लागते. हा नियम आधी सांगितला नाही तर मंडपात वाद ठरलेला. ओळ झाली नाही तर पाच चौकोनवाला जिंकतो, म्हणून बरोबरी होतच नाही.

खरी मेहनत प्रश्नांची. डावाला पंधरा तरी हाताशी ठेवा. थाप पटण्यासारखी हवी. ‘मलप्रभेचा उगम कुठे?’ याला ‘आंबोली’ ही झकास थाप, कारण हिरण्यकेशी तिथलीच. पण खानापुरात शेंबडं पोरही कणकुंबी सांगेल; हा प्रश्न निपाणीला ठेवा. ‘१९२४च्या बेळगाव अधिवेशनाचे अध्यक्ष कोण?’ हाही फुकट जाईल. त्याऐवजी ‘गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष किती वेळा झाले?’ विचारा. पाहुण्याने गंभीर चेहऱ्याने ‘तीनदा’ म्हटलं की निम्मा मंडप फसतो. उत्तर आहे, एकदाच.

आणि प्रेक्षकांतून उत्तर ओरडलं गेलं की प्रश्न तिथेच रद्द करा.

प्रश्न (बेळगाव): पाहुण्यांना थापा आधी सांगून ठेवणं म्हणजे लबाडी नव्हे का?

उत्तर: नाही. बक्षीस स्पर्धकाचं, त्यामुळे गुप्तता त्याच्यापुरतीच पाळायची. १९५०च्या दशकात ‘ट्वेंटी-वन’ या अमेरिकन टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत स्पर्धकांनाच उत्तरं पुरवली गेली, १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर चौकशी झाली आणि १९६०च्या कायद्याने असा प्रकार गुन्हा ठरला. ‘स्क्वेअर्स’मध्ये तर पाहुण्यांशी विषय आणि थापा आधी बोललेल्या असतात, असं कार्यक्रमातच जाहीर करत. तुम्हीही तसं माइकवरून सांगून टाका.

प्रश्न (निपाणी): ‘व्हॉट्स माय लाइन?’ घ्यावा का?

उत्तर: जरूर. तो सीबीएसवर १९५० ते १९६७ चालला. चौघांच्या पॅनेलने फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारून पाहुण्याचा व्यवसाय ओळखायचा. ‘नाही’ आलं की पाळी पुढच्याकडे आणि पाहुण्याला पाच डॉलर. दहा नकार झाले की डाव पाहुण्याचा. तुम्ही पाच-पाच रुपये ठेवा. अडचण एकच, गावात सगळेच ओळखीचे. तेव्हा पाहुणा चिकोडी किंवा हुक्केरीहून बोलवा आणि तंबाखूचा व्यापारी तेवढा टाळा.