निविदा बाद झाली, तर कारण लिहून कळव

अनेक आशीर्वाद.

शाळांच्या बाकांच्या निविदेत तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्यापूर्वीच्या पात्रतेच्या छाननीतच, बाद झालेल्या पुरवठादाराने कारण विचारले आहे, साहेब म्हणतात ‘आपली निविदा अपात्र ठरली’ एवढेच कळव, आणि तुला धास्ती आहे की अधिक काही लिहिले तर तेच पत्र उद्या न्यायालयात आपल्या अंगावर येईल. माझे उत्तर एकच: कारण लिही, आणि सहीशिक्क्यानिशी लिही.

टाटा सेल्युलर खटल्यात 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की न्यायालय निविदेच्या निर्णयावर अपील ऐकत नाही, तो कोणत्या रीतीने घेतला ते तपासते. मग ज्या नस्तीत कारणच नाही, ती तिथे काय दाखवणार? केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मधील नियम 173 नुसार, विचारणा करणाऱ्या निविदाकाराला नकाराचे कारण द्यावेच लागते. तो नियम नगरपरिषदेला थेट लागू नाही, असे साहेब म्हणतील, आणि ते खरेही आहे. पण माहितीचा अधिकार अधिनियम 2005 लागू आहे ना? त्याचे कलम 4 बाधित व्यक्तीला प्रशासकीय निर्णयाची कारणे पुरवायला सांगते.

‘कागदपत्रे अपूर्ण’ या दोन शब्दांना मी कारण मानत नाही. ‘अट क्रमांक 9 नुसार उलाढालीचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र आवश्यक होते, आपण जोडलेल्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन (दस्तऐवजाचा विशिष्ट ओळख क्रमांक) नसल्याने ते ग्राह्य धरलेले नाही’ असे लिहिलेस, तर पुढच्या वेळी काय सुधारायचे ते त्याला कळेल. (ही त्रुटी खुलासा मागवून दूर करता आली असती का, हा प्रश्न छाननी समितीला जरूर विचार.) त्याच्याच निविदेबद्दल लिही, इतरांच्या कागदपत्रांबद्दल अक्षरही नको, आणि फोनवर तर काहीच नको. तांत्रिक छाननीच्या तक्त्यात नोंदलेले कारणच पत्रात यायला हवे. पत्र लिहिताना नवीनच कारण सुचू लागले, तर घोळ तक्त्यात आहे, आणि तो झाकण्यासाठी तुझी लेखणी वापरू देऊ नकोस. दरात मागे पडलेल्यांचे सोपे असते, कारण आर्थिक लिफाफे उघडल्यावर तुलनात्मक तक्ता पोर्टलवर दिसतोच.

मला कार्यालयात ‘ठेकेदारांचा वकील’ म्हणत असत. म्हणोत बापडे! ज्यांना मी कारणे कळवली, त्यांच्यापैकी बरेच जण पुढच्या निविदेला नीट कागद घेऊन परत आले. जिथे मौन पाळले जाई, तिथे तेच ते दोघे-तिघे आणि मुदतवाढीवर मुदतवाढ. खंत एवढीच की ‘अपात्रतेचे कारण व संबंधित अट’ हा रकाना छापील नमुन्यात घालून घेणे निवृत्तीपूर्वी जमले नाही, आणि माझ्यामागे कारणे कळवण्याची पद्धतही लगेच गुंडाळली गेली.

तेव्हा मसुदा आजच साहेबांपुढे ठेव. कारण गाळायला सांगितले, तर तसा शेरा त्यांनी टिपणीवर स्वतःच्या सहीने द्यावा, अशी नम्र विनंती कर.